मृत्युपत्रातील 'धर्म' : दात्याची इच्छा आणि न्यायालयाची कसोटी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधील प्रिव्ही कौन्सिलपुढे मुंबईहून एक अपील गेले. प्रश्न एका शब्दाचा होता आणि तो शब्द होता 'धर्म'. मुंबईतील एका हिंदू गृहस्थाने आपल्या मृत्युपत्रात, सर्वांना द्यावयाचे ते देऊन झाल्यावर उरलेली मिळकत 'धरम'साठी खर्च करावी, असे लिहून ठेवले होते. रणछोडदास वंद्रावनदास विरुद्ध पार्वतीबाई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दाव्याचा निकाल १८९९ मध्ये लागला. न्यायमूर्तींनी विल्सनच्या कोशात अर्थ पाहिला. तेथे कायदा, सद्गुण, कर्तव्य असे अनेक अर्थ दिलेले आढळले. इतक्या अर्थांचा शब्द संदिग्ध आहे, अशा दानावर न्यायालयाला देखरेख ठेवता येणार नाही, म्हणून ते दान निरर्थक, असा निर्णय झाला. धर्मासाठी ठेवलेली मिळकत मृत्युपत्र नसल्याप्रमाणे वारसांच्या हक्काची ठरली.

ज्या देशात लहान मुलालाही 'धर्म कर' याचा अर्थ सांगावा लागत नाही, त्या देशातील माणसाच्या अखेरच्या इच्छेची अशी वासलात लागावी, हे आज वाचतानाही खटकते. मुंबईच्या न्यायालयांनी १८९० नंतरच्या काही निकालांत हाच मार्ग आधी धरला होता आणि प्रिव्ही कौन्सिलने त्यावर शिक्कामोर्तब केले. या विचाराचे मूळ इंग्लंडमधील 'मॉरिस विरुद्ध डरहॅमचे बिशप' या १८०४-०५ च्या दाव्यात होते. विश्वस्ताने पैसा कोठे खर्च करावा हे न्यायालयाला निश्चितपणे सांगता आले पाहिजे, नाही तर तो विश्वस्त नसून मालकच होतो, हे त्यामागचे तत्त्व. तत्त्व चुकीचे नव्हते. मात्र ते लावताना विलायतेतील 'चॅरिटी' हा शब्द निश्चित मानला गेला आणि आपल्याकडील 'धर्म' हा शब्द अनिश्चित ठरला. दोन्ही शब्द सारखेच विशाल असताना हा भेद करण्यात न्याय कमी आणि परकेपणा अधिक होता, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

हा दावा जैन कुटुंबातील नव्हता. परंतु त्याचा धाक जैन दात्यांना इतरांहून कमी नव्हता. पेढीच्या चोपड्यांत 'धर्मादा' खाते असणे ही व्यापारी जैन घराण्यांची जुनी रीत. व्यवहारामागे काही पैसे त्या खात्यात जमा करावयाचे आणि प्रसंगानुसार मंदिर, पांजरपोळ, पाठशाळा, यात्रेकरूंची सोय यांवर खर्च करावयाचे. त्या घरातील कर्ता पुरुष मृत्युपत्र लिहावयास बसला तर त्याच्या लेखणीतून 'धर्मादा' हाच शब्द उतरणार. तो शब्द न्यायालयात टिकत नाही, हे त्याला कोणी सांगावे?

खरे पाहता जैन परंपरेला दानाच्या बाबतीत संदिग्धता मान्यच नाही. श्वेतांबर आम्नायात जिनमंदिर, जिनप्रतिमा, जिनागम, साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका अशी दानाची सात क्षेत्रे सांगितली आहेत. देवद्रव्य, ज्ञानद्रव्य, साधारण, जीवदया ही खाती वेगळी ठेवली जातात. देवद्रव्यातील पैसा साधारण कामाकडे वळविणे हा दोष मानला जातो. दिगंबर परंपरेत आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान अशी चतुर्विध दानाची स्पष्ट मांडणी आहे. ज्या समाजाने दानाचा हिशेब इतक्या बारकाईने ठेवला, त्या समाजातील मृत्युपत्रात दानाचे कलम एका शब्दात संपावे, हा विरोधाभास आहे. दात्याने 'धर्मादा'ऐवजी 'जीवदया' लिहिले असते, 'अमुक गावच्या मंदिराचा जीर्णोद्धार' लिहिले असते, तर तेच दान न्यायालयात उभे राहिले असते. त्याच्या मनात क्षेत्र निश्चित होते. कागदावर ते आले नाही.

मृत्युपत्र हा प्रकारच आपल्याकडे उशिरा रुजला. जुन्या धर्मशास्त्रात वाटणीचा विचार आहे, दत्तकाचा आहे, दानाचा आहे. मात्र मेल्यानंतर अमलात यावयाच्या लेखाचा स्वतंत्र विचार नाही. कंपनी सरकारच्या काळात ही पद्धत वाढली. मुंबई इलाख्यात १८२७ चे आठवे रेग्युलेशन आले. वारस, मृत्युपत्राचा एक्झिक्युटर किंवा मिळकतीचा व्यवस्थापक यांना जिल्ह्याच्या न्यायालयाकडून रीतसर मान्यता घेण्याची सोय त्यात होती. ती सोयच होती, सक्ती नव्हती. वारसाने दाखला न घेता मिळकत ताब्यात घेतली तरी चालत असे. तंटा झाला किंवा देणेकऱ्याने अडवणूक केली की दाखल्याची गरज भासे.

सक्ती आली ती १८७० च्या हिंदू विल्स ॲक्टने. या कायद्यात हिंदू, जैन, शीख आणि बौद्ध अशी चारही नावे स्वतंत्रपणे घातलेली आहेत. ही नोंद मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. कायदा १ सप्टेंबर १८७० पासून केलेल्या मृत्युपत्रांना लागू झाला, पण सर्वत्र नव्हे. बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नराच्या अमलाखालील मुलूख आणि मद्रास व मुंबई ही दोन शहरे, एवढ्यापुरताच तो होता. या हद्दीत मृत्युपत्र लेखीच हवे, त्यावर कर्त्याची सही आणि दोन साक्षीदारांची साक्ष हवी, आणि एक्झिक्युटराला किंवा लाभार्थ्याला न्यायालयात आपला हक्क सांगावयाचा तर आधी प्रोबेट हवे. प्रोबेट म्हणजे 'हे मृत्युपत्र खरे आहे' असे न्यायालयाने प्रमाणित करून, मृत्युपत्राची प्रत जोडून, एक्झिक्युटराच्या हाती दिलेला अधिकारलेख.

यातून एक विचित्र चित्र निर्माण झाले. मुंबईच्या झवेरी बाजारातील जैन गृहस्थाचे मृत्युपत्र आणि त्याच्या सोलापूरच्या साडूचे मृत्युपत्र यांना दोन वेगळे नियम लागू झाले. सोलापूरकराला तोंडीसुद्धा मृत्युपत्र करता येत होते. पंचांसमक्ष बोललेला शब्द पुरे होई. मोफसलमधील ही मोकळीक १ जानेवारी १९२७ पासून संपली आणि तेथेही लेख, सही व दोन साक्षीदार आवश्यक झाले. तरीही प्रोबेटची सक्ती तेथे आली नाही. १८८१ च्या कायद्याने प्रोबेट घेण्याची वाट खुली केली होती, तेवढेच. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने हे सारे नियम एकत्र केले, पण १८७० ची सीमारेषा कलम ५७ आणि कलम २१३ मध्ये तशीच जपली. सोलापूरकराचे एखादे घर मुंबईत असले तर त्या घरापुरते प्रोबेट आवश्यक, पेठेतील वाड्यासाठी नाही, असा हा हिशेब होता.

प्रोबेटची वाट समाजातील अनेक कुटुंबांनी तुडविली आहे. एक्झिक्युटर अर्ज करतो. त्यासोबत मूळ मृत्युपत्र न्यायालयात ठेवावे लागते, मिळकतीची आणि देण्यांची यादी द्यावी लागते, साक्षीदारांपैकी एकाचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. मृत्यूनंतर सात दिवस गेल्याखेरीज प्रोबेट देता येत नाही. न्यायालय वारसांना सायटेशन काढते, म्हणजे कोणाची हरकत असल्यास येऊन सांगावी अशी सूचना. हरकत घ्यावयाची तर कॅव्हेट दाखल होते. मुंबई उच्च न्यायालयात रीतसर हरकत आली की अर्जाचे रूपांतर दाव्यात होते आणि मग पुरावा, उलटतपासणी, वर्षानुवर्षांचा काळ. दोन्ही साक्षीदार हयात नसतील तर निदान एका साक्षीदाराचे आणि मृत्युपत्र करणाऱ्याचे हस्ताक्षर सिद्ध करावे लागते. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे. नोंदणीचा शिक्का असला म्हणजे मृत्युपत्र सिद्ध झाले, हा समज मात्र सर्वत्र आढळतो आणि तो बरोबर नाही.

येथे पुष्कळांची गल्लत होणारी आणखी एक गोष्ट आहे. प्रोबेट देणारे न्यायालय मृत्युपत्र खरे की खोटे एवढेच पाहते. त्यात लिहिलेली मिळकत खरोखर त्या माणसाची होती का, त्यातील दान कायद्यात बसते का, हे प्रश्न ते सोडवीत नाही. म्हणून 'धर्मादा' असे लिहिलेल्या मृत्युपत्रालाही प्रोबेट मिळत असे आणि त्यानंतर वेगळ्या दाव्यात दानाचे कलम गळून पडत असे. एकत्र कुटुंबातील मिळकतीचेही तेच. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा येईपर्यंत मिताक्षरा पद्धतीच्या एकत्र कुटुंबातील पुरुषाला अविभक्त मिळकतीतील आपला हिस्सा मृत्युपत्राने देताच येत नसे. त्याच्या मृत्यूबरोबर तो हिस्सा उरलेल्या सहदायादांकडे जाई. बापाने मंदिरासाठी लिहून ठेवलेले शेत मुलांनी दिले तर दिले, नाही तर कायदा मुलांच्या बाजूने. १९५६ च्या कायद्याच्या कलम ३० ने हा अडसर दूर केला.

प्रेमचंद रायचंद यांचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. सुरतेच्या या जैन व्यापाऱ्याने १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाला ग्रंथालय आणि मनोऱ्यासाठी चार लाख रुपये हयातीतच दिले. पुढच्याच वर्षी कापसाच्या सट्ट्याचा फुगा फुटला आणि त्यांची दौलत बुडाली. तीच रक्कम त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवली असती, तर विद्यापीठाच्या हाती काय लागले असते हे सांगावयास नको. आईच्या नावाचा राजाबाई टॉवर उभा राहिला, तो दान हयातीत झाले म्हणून. मृत्युपत्रातून द्यावयाच्या दानाला मृत्यूपर्यंत मिळकत टिकण्याची आणि मृत्यूनंतर कागद टिकण्याची अशा दोन परीक्षा द्याव्या लागतात. शिवाय देण्याचा क्रमही ठरलेला आहे. आधी अंत्यविधीचा खर्च, मग कारभाराचा खर्च आणि कर्ज, त्यानंतर मृत्युपत्रातील देणग्या. मृत्यूपासून एक वर्ष होईपर्यंत एक्झिक्युटरावर देणगी चुकती करण्याचे बंधन नसते. सहा महिन्यांत मिळकतीची यादी आणि वर्षाच्या आत हिशेब त्याने न्यायालयात द्यावयाचा असतो.

दानपरंपरेचा विचार श्राविकांना वगळून होऊच शकत नाही, आणि मृत्युपत्राच्या इतिहासात त्यांचा प्रश्न सर्वांत कठीण होता. ब्रिटिश काळात न्यायालयांनी लावलेल्या हिंदू कायद्यात निपुत्रिक विधवेला पतीची मिळकत मिळे ती मर्यादित हक्काने. ती उपभोग घेऊ शके, मृत्युपत्राने कोणाला देऊ शकत नसे. जैन ग्रंथांतील विचार निराळा होता. भद्रबाहुसंहिता, अर्हन्नीती यांसारख्या ग्रंथांच्या आधारे जुगमंदरलाल जैनी यांनी १९१६ मध्ये आणि बॅरिस्टर चंपतराय जैन यांनी १९२६ मध्ये जैन कायद्यावर स्वतंत्र पुस्तके लिहिली. त्यांत पत्नीचा वारसाहक्क पुत्राच्याही आधी मांडलेला आहे. परंतु ही पुस्तके येण्याच्या पुष्कळ आधी न्यायालयांनी आपली दिशा ठरविली होती. भगवानदास तेजमल विरुद्ध राजमल या १८७३ च्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की, वेगळी रूढी सिद्ध होत नाही तोपर्यंत जैनांना हिंदू कायदाच लागू. उलट शिवसिंह राय विरुद्ध दाखो या उत्तर भारतातील दाव्यात १८७८ साली प्रिव्ही कौन्सिलने जैनांची रूढी सिद्ध झाल्याचे मान्य केले. निपुत्रिक जैन विधवा पतीच्या स्वकष्टार्जित मिळकतीची पूर्ण मालक होते आणि पतीच्या अनुमतीवाचून दत्तकही घेऊ शकते, असा तो निर्णय होता.

दाखोबाईंच्या विजयाचा लाभ मुंबई इलाख्यातील विधवेला आपोआप मिळाला नाही. आपल्या जातीत, आपल्या भागात ही रूढी आहे हे तिने साक्षीदार आणून सिद्ध करावयाचे. घरातील पुरुषच विरोधात उभे असताना साक्षीदार कोठून आणावेत? पतीच्या मागे पन्नास वर्षे काढलेल्या, घर व पेढी सांभाळलेल्या स्त्रीला उपाश्रयासाठी एक खोली लिहून देता येत नव्हती. १९५६ च्या कायद्याच्या कलम १४ ने स्त्रीच्या ताब्यातील मिळकतीवर तिची पूर्ण मालकी मान्य केली आणि तेव्हापासून श्राविकेच्या मृत्युपत्राला पुरुषाच्या मृत्युपत्राइतकेच बळ आले. हा कायदा जैनांनाही लागू आहे. चंपतरायजींचा स्वतंत्र जैन कायद्याचा आग्रह मागे पडला, पण विधवेच्या बाबतीत त्यांचे म्हणणे देशाच्या कायद्याने वेगळ्या वाटेने बरेचसे मान्य केले.

'धर्म' या शब्दाला न्याय मिळाला तो १९५० मध्ये. मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम १० ने स्पष्ट केले की, लाभार्थी किंवा उद्देश निश्चित करता येत नाही एवढ्याच कारणाने सार्वजनिक न्यास निरर्थक ठरणार नाही. त्याच्या स्पष्टीकरणात धर्म, धर्मादा, पुण्यदान हे शब्दच घातले आहेत. प्रिव्ही कौन्सिलने बाहेर काढलेला शब्द एक्कावन्न वर्षांनी कायद्याच्या पुस्तकात परत आला. हाच अधिनियम २०१२ पासून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम या नावाने ओळखला जातो.

याच अधिनियमाच्या दुसऱ्या बाजूने जैन समाजाला अस्वस्थ केले. रतिलाल पानाचंद गांधी हे पंचमहाल जिल्ह्यातील वेजलपूरच्या जैन मंदिराचे व्यवस्थापक. मुंबई राज्याविरुद्धचा त्यांचा लढा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५४ मध्ये न्यायमूर्ती बी. के. मुखर्जी यांनी लिहिलेल्या निकालाने तो मिटला. न्यायालयाने नोंदणी, हिशेब, देखरेख हा कायद्याचा मोठा भाग वैध ठरविला. मात्र धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक न्यासाचा विश्वस्त नेमण्याची तरतूद रद्द झाली. तसेच मूळ उद्देश पार पाडणे शक्य असतानाही, ते इष्ट नाही एवढ्या मतावर निधी दुसरीकडे वळविण्याची मुभा देणारा भागही रद्द झाला. एका क्षेत्राचे द्रव्य दुसऱ्या क्षेत्रात जाऊ नये, हा श्रावकांचा जुना दंडक ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या निकालाचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही.

मृत्युपत्रातून नवा न्यास निर्माण होत असेल तर एक्झिक्युटराने तो नोंदवावयाचा असतो. प्रोबेट मिळाल्यापासून एक महिना किंवा मृत्यूपासून सहा महिने, यांतील जी मुदत आधी संपेल ती कलम २९ प्रमाणे पाळावयाची. मुंबईत प्रोबेट सहा महिन्यांत हाती येणे दुर्मीळ, म्हणून ही दुसरी मुदतच बहुधा लागू पडते. आधीपासून नोंदलेल्या न्यासाला मृत्युपत्राने जमीन किंवा इमारत मिळाली तर विश्वस्तांनी बदल अर्ज द्यावयाचा. नव्वद दिवसांचा हा नियम विसरल्याने नोंदवहीत मिळकत न चढलेले न्यास थोडे नसावेत. आणखी एक बारकावा असा की, प्रोबेट व्यक्तीला मिळते, किंवा अटी पूर्ण करणाऱ्या कंपनीला. संघ, मंडळ अशा व्यक्तिसमूहाला समूह म्हणून ते देता येत नाही. 'आमचा संघच माझा एक्झिक्युटर' असे श्रद्धेने लिहिलेले वाक्य म्हणूनच अडचणीचे ठरते. दान संघाला देता येते. कारभारासाठी मात्र माणसांची नावे लागतात.

त्या माणसांवर न्यायालयाची नजर कडक असते. एच. वेंकटचल अय्यंगार विरुद्ध बी. एन. तिम्मजम्मा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ज्याने मृत्युपत्र तयार करण्यात पुढाकार घेतला त्यालाच त्यातून मोठा लाभ होत असेल, तर संशय दूर करण्याचा भार त्याच्यावर. आजारी दात्याच्या उशाशी बसून मृत्युपत्र लिहून घेणाऱ्या विश्वस्ताने आपल्या संस्थेच्या नावे दान लिहून घेतले, तर त्याचा हेतू शुद्ध असूनही दान कोसळू शकते. अशा वेळी संस्थेशी संबंध नसलेला डॉक्टर आणि बाहेरचा साक्षीदार हेच दात्याचे खरे हितकर्ते ठरतात.

मुंबई आणि मोफसल यांतील १८७० ची रेषा स्वातंत्र्यानंतरही पुसली गेली नव्हती. क्लॅरेन्स पायस प्रकरणात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम २१३ ऐतिहासिक कारणांवर आधारलेले आहे म्हणून वैध ठरविले. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने निरसन व सुधारणा कायद्याद्वारे कलम २१३ वगळले. प्रोबेटची सक्ती गेली, प्रोबेट घेण्याची सोय राहिली. वारसांत वाद असेल किंवा मृत्युपत्रावर शंका घेतली जाईल असे वाटत असेल, तर एक्झिक्युटर आजही प्रोबेटसाठी अर्ज करू शकतो. मृत्युपत्र दोन साक्षीदारांसमक्ष सही केलेले असावे लागते, हा नियम तसाच आहे. मृत्युपत्र न करता माणूस गेला तर मात्र महाराष्ट्रातील वारस दाखल्यासाठी दिवाणी न्यायालयात जातात आणि तेथे अर्जाच्या माथ्यावर १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनचेच नाव लिहिलेले असते.